नंबर तोच, रान दुसरं

माझे वडील भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. ३३ फुटांची साखळी, खुंट्या आणि नकाशाची गुंडाळी घेऊन सातारा जिल्ह्यातली गावं त्यांनी पायाखाली घातली. बांध कुणी कोरला, हद्दीचा दगड कुणी सरकवला, ही भांडणं मिटवण्यात त्यांची नोकरी गेली. एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तेव्हा म्हातारे शेतकरी सातबारा हातात धरून त्यांना विचारायचे, ‘अण्णा, माझं रान गेलं कुठं?’ रान होतं तिथंच होतं. नंबर बदलला होता.

मीही मोजणीदारच झालो, फक्त साखळीच्या जागी संगणक आला. गेली वीसेक वर्षं मी अमेरिकेत मतदारसंघांचे नकाशे करतो. माझ्या धंद्यातली गंमत उलटी आहे. इथे नंबर जागेवर राहतो आणि रान हिंडतं.

याचा मासला म्हणून मी नेहमी जॉर्जिया राज्याचा सहावा मतदारसंघ सांगतो. एक तर तो अटलांटाच्या उपनगरांचा, आणि दुसरं म्हणजे मी त्यातच राहायचो. ‘राहायचो’ म्हणतोय खरा, पण घर मी बदललेलं नाही.

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिच्या कनिष्ठ सभागृहात, प्रतिनिधीगृहात, ४३५ जागा आहेत आणि निवडणूक दर दोन वर्षांनी होते. पूर्वी जॉर्जियात या मतदारसंघांच्या हद्दी वर्षानुवर्षं हलत नसत. त्यामुळे १९६०च्या जनगणनेत अटलांटाच्या पाचव्या मतदारसंघात ८,२३,६८० माणसं निघाली आणि डोंगराळ नवव्यात २,७२,१५४. म्हणजे शहरातल्या तीन माणसांचं वजन डोंगरातल्या एकाएवढं. अटलांटाच्या जेम्स वेसबेरी यांनी दावा लावला आणि फेब्रुवारी १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी सारखी हवी. न्याय रास्तच होता. पण तेव्हापासून दर दहा वर्षांनी, जनगणना झाली की, रेघा नव्याने मारणं भाग पडलं. आपल्याकडे हे काम परिसीमन आयोग करतो. जॉर्जियात ते विधिमंडळ करतं, म्हणजे ज्यांना निवडून यायचं आहे त्यांचाच पक्ष. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

आता सहाव्याची कहाणी. १९७४ साली वेस्ट जॉर्जिया कॉलेजातला एक तरुण प्राध्यापक, न्यूट गिंगरिच, इथून रिपब्लिकन पक्षातर्फे उभा राहिला. तेव्हाचा सहावा अटलांटाच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला, पार अलाबामाच्या सीमेकडे पसरलेला होता: विमानतळाच्या आसपासची कामगारवस्ती आणि पुढे छोटी गावं. जॉन फ्लिंट हे मुरलेले डेमोक्रॅट खासदार होते. गिंगरिच १९७४ला पडला, १९७६ला पुन्हा पडला. १९७८ला फ्लिंट निवृत्त झाले आणि तो निवडून आला. १९९०मध्ये जेमतेम वाचला, ९७४ मतांनी. त्या वर्षी जॉर्जियाच्या दहा खासदारांत तो एकटाच रिपब्लिकन होता.

तोही डेमोक्रॅटांना खुपत होता. १९९०च्या जनगणनेनंतर राज्याला अकरावी जागा मिळाली आणि नकाशा नव्याने करायची वेळ आली. विधानसभेचे डेमोक्रॅट सभापती टॉम मर्फी गिंगरिचच्याच भागातले. त्यांनी गिंगरिचचा मतदारसंघ मोडला, त्याचे तुकडे शेजाऱ्यांत वाटले आणि सहा हा नंबर उचलून अटलांटाच्या उत्तरेकडच्या सधन, गोऱ्या उपनगरांवर नेऊन ठेवला. हिशेब सरळ होता: रान काढून घेतलं की माणूस संपतो.

गिंगरिचने बिऱ्हाड उचललं आणि नव्या सहाव्यातल्या कॉब काउंटीत येऊन राहिला. १९९२ची पक्षांतर्गत निवडणूक त्याने ९८० मतांनी जिंकली. तेवढा उंबरठा ओलांडल्यावर मात्र पुढे राजरस्ता होता, कारण देशातल्या पक्क्या रिपब्लिकन मतदारसंघांपैकी एक त्याला शत्रूनेच आखून दिला होता. घरच्या जागेची काळजी मिटल्यावर तो देशभर पक्ष बांधत फिरला. १९९४ला रिपब्लिकनांनी ४० वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकलं आणि जानेवारी १९९५मध्ये गिंगरिच तिथला सभापती झाला. खुद्द जॉर्जियात ११पैकी ७ जागा रिपब्लिकनांकडे गेल्या. कोरलेला बांध मर्फींच्याच अंगावर कोसळला. पुढे २००२मध्ये त्यांचीही जागा गेली.

मी १९९८च्या सप्टेंबरात अटलांटाच्या उत्तरेला, आज ज्याला जॉन्स क्रीक म्हणतात त्या भागात राहायला आलो. तेव्हा हे शहर कागदावर नव्हतं, ते २००६ साली झालं. दोन महिन्यांत गिंगरिचने पद सोडल्याची बातमी आली. पोटनिवडणुकीत जॉनी आयझॅक्सन पहिल्याच फेरीत निवडून आले. ते सिनेटवर, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, गेल्यावर २००५पासून डॉ. टॉम प्राइस. हाडांचे डॉक्टर. बारा वर्षं निवडणूक म्हणजे उपचार होता. आमच्याकडे प्रचाराची गाडी कधी फिरकली नाही.

पण रेघांच्या आतली माणसं बदलत होती. आमच्या गल्लीत आम्ही आलो तेव्हा देशी घर आमचं एकच. पंधरा वर्षांनी दिवाळीत रांगेने आकाशकंदील दिसू लागले. कोरियन चर्चं आली, शहरातून कृष्णवर्णीय मध्यमवर्ग आला, न्यूयॉर्क-शिकागोकडची शिकलेली तरुण जोडपी आली. २०१२ला अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी यांना सहाव्यात सुमारे २३ टक्क्यांची आघाडी होती. २०१६ला त्याच हद्दीत ट्रम्प यांची आघाडी दीड टक्क्यावर आली. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी प्राइस यांना मात्र २३ टक्क्यांनी निवडून दिलं. भिंतीला तडा गेला होता, पण रंग शाबूत होता.

प्राइस मंत्री झाले आणि एप्रिल २०१७मध्ये पोटनिवडणूक लागली. १८ उमेदवार. जॉन ऑसॉफ हा तिशीचा डेमोक्रॅट ४८.१ टक्के मतं घेऊन पहिला आला, पण जॉर्जियात निम्म्याहून जास्त मतं लागतात. त्यामुळे जूनमध्ये ऑसॉफ आणि रिपब्लिकन कॅरन हँडेल यांच्यात दुसरी फेरी झाली. त्या दोन महिन्यांत आमच्या घरात जे झालं ते विसरणं कठीण. टपालपेटीत रोज चकचकीत पत्रकं. टीव्हीवर वरणाच्या फोडणीपासून ताक होईपर्यंत फक्त या दोघांच्याच जाहिराती. संध्याकाळी दाराची बेल: दुसऱ्या राज्यांतून सुट्टी काढून आलेली पोरं, हातात क्लिपबोर्ड, जूनच्या उकाड्याने लाल झालेली. बायको त्यांना कोकम सरबत द्यायची. एक पोरगा म्हणाला, ‘या गल्लीत सगळ्यांनी आमची पत्रकं नको म्हटली, पण हे पाहिजे.’ दोन्ही बाजूंचा मिळून खर्च पाच कोटी डॉलरांच्या वर गेला. प्रतिनिधीगृहाच्या एका जागेवर तोपर्यंत कधीच एवढा खर्च झाला नव्हता. हँडेल ५१.८ टक्के मतं घेऊन जिंकल्या. ऑसॉफ स्वतः सहाव्याच्या हद्दीबाहेर राहत होता, म्हणजे त्याला स्वतःलाच मत देता आलं नाही. कायद्याला ते चालतं. खासदार राज्याचा रहिवासी असला की पुरे.

सतरा महिन्यांनी ल्यूसी मॅकबाथ उभ्या राहिल्या. त्या विमान कंपनीत हवाई सेविका होत्या. २०१२मध्ये फ्लोरिडात, पेट्रोल पंपावर, गाडीतल्या गाण्याचा आवाज मोठा म्हणून झालेल्या वादात त्यांच्या १७ वर्षांच्या मुलाला, जॉर्डनला, गोळी घालून मारलं गेलं. बंदुकांवरच्या निर्बंधांसाठी त्या राजकारणात आल्या. नोव्हेंबर २०१८ला त्यांनी हँडेल यांना ३,२६४ मतांनी हरवलं. एके काळी गिंगरिचची असलेली जागा एका कृष्णवर्णीय डेमोक्रॅट बाईकडे गेली. २०२०ला त्याच दोघींत पुन्हा लढत झाली आणि फरक नऊ टक्क्यांचा झाला.

मग जनगणना आली, आणि तिच्यामागून नकाशा. आता विधिमंडळ रिपब्लिकनांचं होतं.

हे काम प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो. पडद्यावर डावीकडे नकाशा, उजवीकडे तक्ता. नकाशाचे तुकडे जनगणनेच्या ‘ब्लॉक’चे: चार रस्त्यांमधला चौकोन, कधी त्यात चाळीस घरं, कधी नुसता ओढा आणि माणसं शून्य. ब्लॉकवर क्लिक केलं की तो सहातून सातात जातो आणि तक्त्यातला आकडा हलतो. उणे २१२. उणे ३९. अधिक ४. २०२०च्या जनगणनेनुसार जॉर्जियाच्या १४ मतदारसंघांत प्रत्येकी ७,६५,१३६ माणसं हवीत, आणि फरक अगदी एखाद्या माणसावर आणायचा असतो. शेवटचे ते चार काढायला एखादी गल्ली मधोमध चिरावी लागते. त्याच तक्त्यात पुढच्या रकान्यांत वंश असतो आणि मागच्या निवडणुकीची मतं असतात. वंशाचा रकाना कायद्यासाठीही लागतो. मतांचा रकाना कशासाठी लागतो, ते माझ्या धंद्यात कुणी मोठ्याने बोलत नाही.

२०२१च्या नकाशात सहावा उत्तरेला सरकला. फॉरसाइथ आणि डॉसन या रिपब्लिकन काउंट्या त्याला जोडल्या आणि आमच्यासारखी बदललेली उपनगरं त्यातून काढली. मॅकबाथ बाईंनी गिंगरिचचाच धडा गिरवला. रान गेलं तर आपणही उठायचं. त्या शेजारच्या सातव्यात आल्या आणि आपल्याच पक्षाच्या विद्यमान खासदार कॅरोलिन बोर्डो यांना पक्षांतर्गत निवडणुकीत हरवून निवडून आल्या. सहाव्यात रिपब्लिकन रिच मॅकॉर्मिक आले, जे २०२०ला सातव्यात थोडक्यात पडले होते.

ऑक्टोबर २०२३मध्ये न्यायाधीश स्टीव्ह जोन्स यांनी निकाल दिला: हा नकाशा मताधिकार कायद्याचा भंग करतो, अटलांटाच्या पश्चिमेला कृष्णवर्णीय बहुसंख्येचा आणखी एक मतदारसंघ हवा. विधिमंडळाने तो केला, पण त्याच झटक्यात मॅकबाथ यांचा सातवा मोडून. सहा हा नंबर पुन्हा उचलला आणि कॉब, डग्लस, फेएट, फुल्टन या काउंट्यांच्या तुकड्यांवर, पश्चिमेकडे नेऊन ठेवला. जोन्स यांनी तो नकाशा मान्य केला. मॅकबाथ परत सहाव्यात गेल्या. मॅकॉर्मिक सातव्यात आले.

निवडणूक कार्यालय दर बदलानंतर मतदाराला टपालाने एक कार्ड पाठवतं. माझ्या खणात अशी तीन कार्डं रबर लावून ठेवली आहेत. नागरिकत्व मिळाल्यानंतरचं पहिलं: काँग्रेसचा मतदारसंघ ६. दुसरं, २०२२चं: ७. खासदार मात्र त्याच, मॅकबाथ. तिसरं, २०२४चं: ७. खासदार मॅकॉर्मिक. एकदा नंबर बदलला आणि खासदार राहिल्या, दुसऱ्यांदा नंबर राहिला आणि खासदार बदलला. आम्ही दोन्ही वेळा स्वयंपाकघरात चहा पीत होतो.

पत्रकार या पन्नास वर्षांच्या इतिहासाला ‘मतदारांचं मन पालटलं’ म्हणतात. काही अंशी ते खरं आहे. मर्फींची रेघ फसली, २०११ला मारलेली सुरक्षित रेघ २०१८ला तुटली, कारण उपनगरातली माणसं नकाशापेक्षा जास्त वेगाने बदलतात. पण म्हणून लोकशाही आपोआप सावरते, असं मी मानत नाही. २०२४ला सहाव्यात मॅकबाथ सुमारे तीन चतुर्थांश मतं घेऊन आल्या, सातव्यात मॅकॉर्मिक सुमारे ६५ टक्के मतं घेऊन. दोन्ही पक्षांना आपापलं रान मिळालं, आणि मतदाराला विचारण्यासारखं काही उरलं नाही. त्या साली काँग्रेसच्या जागेसाठी आमच्या दाराची बेल एकदाही वाजली नाही. कोकम सरबताची बाटली तशीच राहिली.

हे तुम्हाला सांगायचं कारण आहे. २००८च्या परिसीमनात ठाणे जिल्ह्यात कल्याण, भिवंडी, पालघर असे नवे लोकसभा मतदारसंघ झाले, ते अनेकांना मतदानाच्या तोंडावर कळलं. राज्यांच्या वाट्याच्या लोकसभा जागा १९७१च्या जनगणनेवर गोठवल्या आहेत, त्या २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. म्हणजे तुमच्याकडेही रेघा हलायचे दिवस येत आहेत. आयोग आधी मसुदा छापतो आणि हरकती मागवतो. जॉर्जियात २०२१च्या उन्हाळ्यात लोकसुनावण्या झाल्या तेव्हा जनगणनेचे आकडेच आले नव्हते, मग नकाशा कुठला? लोक रिकाम्या कागदाकडे बघून बोलले आणि घरी गेले. तुम्हाला मसुदा बघायला मिळेल. तो उघडा, आपली गल्ली शोधा, रेघेच्या पलीकडे कोण गेलं ते बघा आणि मुदतीच्या आत हरकत लिहा.

वडील खातेदारांना नोटीस देताना एकच वाक्य सांगायचे, तेच तुम्हाला सांगतो: मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहा.