गोंदियाच्या मुलुखांतील एक सांधा

नागपुराहून आगगाडीनें पूर्वेस निघालें, कीं भंडाऱ्याच्या सुमारास कापूस मागें पडतो आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. बांधी, तिच्या कडेला एखादी बोडी, बोडीकांठीं मोहाचें झाड, आणि पुन्हां बांधी. गोंदियापर्यंत दृष्टीस दुसरें फारसें कांहीं पडत नाहीं. 1 मे 1999 रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा व राईस मिलींचा म्हणून प्रसिद्ध आहे. आम्हांस मात्र गोंदिया आठवतें तें तेथील सांध्यामुळें. हावड्याकडे जाणारी मोठी लाईन 1676 मिलिमीटर रुंदीची, आणि सातपुडा चढून जबलपुरास जाणारी छोटी लाईन 762 मिलिमीटरची. दोन्ही एकाच स्थानकांत येऊन मिळत. पण एकीचा डबा दुसरीच्या डब्यास कधींही जोडतां येत नसे. मधला सांधा म्हणजे हमालाची पाठ! ती छोटी गाडी 2015 सालीं कायमची थांबली व पुढें ती वाटही रुंद झाली.

आतां सांधे पाहावयाचे तर रस्त्यावर यावें. मार्गशीर्षांत गोरेगांव, कोहमारा, नवेगांव-बांध करीत अर्जुनी-मोरगांवाकडे जाणारा रस्ता धानाच्या ट्रॉल्यांनीं भरून गेलेला असतो. पुढें ट्रॅक्टर, मागें पोत्यांनीं शिगोशीग भरलेली ट्रॉली, आणि दोहोंमध्यें अंगठ्याहून थोडी जाड अशी एक लोखंडी पिन. सायंकाळीं कित्येक ट्रॉल्यांस मागें दिवाही नसतो. त्यांच्या मागून मोटारींत जाणारा मनुष्य एरवीं न घेतलेलें रामनाम तासाभरांत भरून काढतो.

आमचे यजमान नवेगांव-बांधाच्या अलीकडील एका खेड्यांत राहतात. तो तलाव कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला, असें परंपरा सांगते. घरांत लहानमोठीं अठरा माणसें. वडीलकी अण्णांची, पण शेवटचा शब्द आजींचा. अंगणांतील पत्र्याखालीं थोरल्या आजोबांच्या वेळची अँबॅसडर अजून डौलानें उभी आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यांतून ह्या गाड्या निघणें 2014 सालीं थांबलें. परंतु ह्या घरीं तिच्याकडे जुनी वस्तु म्हणून कोणी पाहत नाहीं. घरचा तांदूळ गोंदियास शिकणाऱ्या मुलांच्या बिऱ्हाडीं पोंचवावयाचा, आणि सहा पोत्यांकरितां भाड्याची ट्रॉली करणें अण्णांच्या जिवावर येई. म्हणून त्यांनीं एक लहान दुचाकी ट्रेलर विकत घेतला व तो अँबॅसडरच्या मागें जोडण्याचा बेत केला.

बेताला पहिला विरोध धाकट्या वहिनींचा झाला. आदल्या वर्षीं गांवाबाहेरच्या चढावर एका ट्रॉलीची पिन निसटली. ट्रॉली उलट घरंगळली आणि मागून सायकलीवर येणारा शाळकरी मुलगा केवळ दैवानें वांचला. तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. "मामंजी, गाडींत आपलीं मुलें असतील, आणि मागें दुसऱ्यांचीं," एवढेंच त्या म्हणाल्या. ह्यावर अण्णांस उत्तर सुचलें नाहीं. त्यांनीं मिस्त्रीला बोलावणें पाठविलें.

मिस्त्री आला तो आधीं गाडीखालीं शिरला. बऱ्याच वेळानें बाहेर येऊन म्हणाला, "काकाजी, जीपले खालून दोन हाडं रायतेत, त्याइले पट्टी मारली का काम झालं. हिले हाडच नाही, हिचं आंगच हाड आहे." इतक्या थोडक्यांत इतकें अचूक निदान आम्ही क्वचितच ऐकलें असेल. जीपचा सांगाडा वेगळा असतो व वरची पेटी त्यावर ठेवलेली असते. अँबॅसडरला तसा वेगळा सांगाडा नाहीं. पत्रा घडी घालून, जोडून जें अंग बनविलें, तेंच सारा भार वाहतें. अशा गाडीस बंपरला आंकडा अडकवून देणारे कारागीर हवे तितके मिळतात. पण बंपर धक्का खाण्याकरितां असतो, ओढ सोसण्याकरितां नव्हे.

ज्या मजबूत घड्यांवर मागच्या कमानींचीं टोंकें टांगलेलीं असतात, त्यांचा आधार घ्यावयाचा असें ठरलें. चॅनेलचा एक आडवा तुकडा दोन्ही घड्यांना पोंचेल इतका कापला. पेट्रोलची टाकी गाडीच्या मागच्याच अंगाला, तेव्हां तेथें वेल्डिंगची ठिणगी नको. म्हणून जें जोडकाम करावयाचें तें गाडीपासून दूर, कडुनिंबाखालीं केलें, आणि गाडीवर केवळ बोल्ट वापरले. पोकळ घडींतून बोल्ट आवळला तर ती चेपते, यास्तव प्रत्येक भोंकांत नळीचा तुकडा बसविला. डिकीच्या आंतून रुंद पट्ट्या दिल्या, म्हणजे ओढ एका बिंदूवर न येतां पसरते. ट्रॅक्टरची पिन न घेतां 50 मिलिमीटरचा गोळा घेतला, कारण खड्ड्यांत तो सर्व बाजूंनीं फिरतो. दांडीखालीं दोन सांखळ्या एकमेकींस ओलांडून लावल्या. गोळा सुटलाच तर दांडी त्या झोळींत पडावी, रस्त्यांत रुतूं नये, अशी ती योजना. वहिनींनीं त्या सांखळ्या स्वतः ओढून पाहिल्या.

आतां ओझ्याचा प्रश्न. येथें मिस्त्रीचेंही ज्ञान थांबलें आणि घरच्या म्हाताऱ्या गड्याचें सुरू झालें. आयुष्यभर बंडी हांकलेला तो माणूस. बंडी मागें जड झाली तर उलाळ होते, जूं वर उचलून बैलांच्या गळ्यास फांस बसतो. पुढें जड झाली तर माना दबतात. मोटारीचेंही तेंच आहे. दांडीवर भार कमी पडला तर ट्रेलर वेगांत शेपटीसारखा हेलकावे घेतो. फार पडला तर गाडीचें बूड दबतें, पुढचीं चाकें हलकीं होऊन सुकाणूं ढिलें पडतें, आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एकूण वजनाच्या सुमारें दहावा हिस्सा दांडीवर असावा, हा जाणत्यांचा ठोकताळा. ट्रेलर 160 किलोंचा, 40 किलोंचीं सहा पोतीं 240 किलोंचीं. म्हणजे 400, व त्याचा दहावा भाग 40. धान मोजण्याचा कांटा खळ्यांतून आणून दांडीचें टोंक त्यावर टेकविलें, आणि पोतीं पुढेंमागें सरकवीत गड्यानें तो आंकडा बरोबर आणला. चार पोतीं आणखी मावत होतीं. पण ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहींत, व जुन्या अँबॅसडरला चारी चाकांस ड्रम ब्रेक. उतारावर मागचें ओझें पुढच्यास ढकलतें. सहावरच थांबावें हें अण्णांनींही मानलें, जरा नाखुषीनें कां होईना.

मग आजींनीं विचारलें, "सरकारास कळविलें का?" प्रश्न रास्त होता. कायद्याच्या दृष्टीनें ट्रेलर हें स्वतंत्र वाहन असून त्याची नोंदणी वेगळी लागते. आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम मूळ बनावटीशीं विसंगत फेरफारास आडवें येतें. रस्त्यावर त्याच्याविना रोज शेंकडों ट्रॉल्या धांवतात, हें अण्णांचें म्हणणें आजींनीं ऐकून घेतलें, पण मानलें नाहीं. अर्ज लिहून गोंदियाच्या परिवहन कार्यालयांत धाडण्यांत आला. उत्तर येईपर्यंत ट्रेलर खळ्यापासून कोठारापर्यंत, घरच्याच वाटेवर चालेल, आणि तेव्हांही गाडींत मूल बसणार नाहीं, असा निकाल झाला.

आम्ही निघालों त्या दिवशीं सहा पोतीं भाड्याच्या ट्रॉलींतूनच गोंदियास गेलीं. तिच्या मागें लाल दिवा लागेपर्यंत आजींनीं फाटक उघडूं दिलें नाहीं.