पुढची दोन चाकं

मोटारीत कामाची वाटणी बराच काळ ठरलेली होती. मागच्या चाकांनी गाडीला ढकलायचं आणि पुढच्यांनी तिला वळवायचं. 1959 साली ॲलेक इसिगोनिसनं मिनी काढली. तिच्यात त्यानं इंजिन आडवं बसवलं आणि गाडी ओढायचं कामही पुढच्याच चाकांच्या गळ्यात घातलं. असं करणारा तो पहिला नव्हता. पण तीन मीटर लांबीच्या डब्यात चार माणसं बसवायला ही मांडणी किती सोयीची आहे हे त्यानं असं दाखवून दिलं, की पुढं जगभरच्या बहुतेक लहान गाड्यांनी तीच उचलली. हेतू जागा वाचवण्याचा होता, वेगाचा विचार त्यात कुणी केला नव्हता. तरी रेसच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपरला तिची वळणातली चपळाई दिसली. 1964, 1965 आणि 1967 साली ही चिमुकली गाडी मोठमोठ्या गाड्यांना मागं टाकून माँटे कार्लोची रॅली जिंकली.

पुढच्या चाकांनी चालणाऱ्या लहान, वेगवान गाड्यांविषयी मला जी ओढ आहे तिचं मूळ इथं आहे. जी रचना काटकसरीतून जन्मली, तिच्यात माणसांनी वेग शोधला आणि पिढ्यानपिढ्या शोधत राहिली.

अडचण साधी आणि कायमची आहे. टायरची जमिनीवरची पकड ठरलेली असते. एकाच घागरीतलं पाणी दोन वाफ्यांना द्यायचं असावं तशी ती वळण्यात आणि ओढण्यात वाटून द्यावी लागते. वळणात स्टिअरिंग भरपूर फिरवलेलं असताना ॲक्सिलरेटर दाबला, की वळण्यासाठी पुरेशी पकड उरत नाही आणि गाडीचं नाक वळणाच्या बाहेर जाऊ लागतं. त्यात आणखी एक गोष्ट. गाडी वेग घेते तेव्हा भार मागच्या चाकांकडे सरकतो. म्हणजे पुढच्या चाकांकडून सगळ्यांत जास्त काम हवं असतं, नेमक्या त्याच वेळी ती हलकी होतात. मागच्या चाकांनी चालणाऱ्या स्पोर्ट्‌स गाडीला पदार्थविज्ञान साथ देतं. आमच्या या गाड्यांना ते पहिल्या मीटरपासून विरोध करतं.

हा विरोध पत्करूनच फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय 1975 च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. कंपनीतल्या मोजक्या लोकांनी वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता तिच्यावर काम सुरू केलं होतं. आल्फोन्स ल्योव्हेनबर्ग हा इंजिनिअर त्यांच्यात पुढं होता. 1588 सीसीचं इंजिन, 110 अश्वशक्ती, वजन 810 किलो, वेग ताशी 182 किलोमीटर. पाच हजार गाड्या काढायच्या आणि थांबायचं असा बेत होता. त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त विकल्या गेल्या. आतलं रूप गुनहिल्ड लिल्येक्विस्ट यांच्या हातचं. त्या मूळच्या चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रं काढणाऱ्या. त्यांनी सीटला स्कॉटिश चौकडीचं कापड लावलं आणि गिअरच्या दांड्याला गोल्फचा चेंडू बसवला. मधे काही काळ गेली, पण पन्नास वर्षांनंतरही ती चौकडी टिकून आहे.

जर्मनीत ब्राउनश्वाइगला नोकरीला असताना एका वयस्क सहकाऱ्यानं मला त्याची जुनी जीटीआय हार्त्सच्या डोंगरात चालवायला दिली. किल्ली हातात ठेवताना तो एवढंच म्हणाला, "ब्रेक लवकर लाव. आजच्या गाड्यांसारखी ही थांबत नाही." काचांच्या बारीक खांबांमधून आभाळ चहूबाजूंनी आत येत होतं. स्टिअरिंगला पॉवर नव्हती, त्यामुळं जागच्या जागी वळवताना दंड भरून आले. पण देवदारांच्या रांगांतून रस्ता चढू लागला, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये खेळू लागली, आणि माझ्या तळव्यांना काहीतरी कळू लागलं. वळणात शिरताना स्टिअरिंगचं चक्र हळूहळू जड होत जातं. पकड संपत आली की ते किंचित हलकं होतं. गाडी घसरायच्या आधी, अगदी जेमतेम आधी. पाय थोडा उचलला की नाक पुन्हा आत येतं. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. पुढचे टायर जे सोसत असतात ते सारं दांड्यांमधून आणि रॅकमधून हातांपर्यंत पोचतं.

त्या दिवसापासून मी या गाड्यांच्या पिढ्यांची तुलना दोन गोष्टींवर करतो. पुढच्या चाकांनी किती पेललं, आणि त्यांनी हातांना किती सांगितलं.

पेलणं तर वाढतच गेलं. वजनही. टक्कर झाली तर माणसं वाचावीत म्हणून पत्रा जाड झाला, एअरबॅग आल्या, एसी आला, आवाज अडवणारे थर आले. यातलं काहीही परत करावं असं मी म्हणणार नाही. मुलं मागं बसवून मी पहिल्या पिढीची गाडी हायवेवर नेणार नाही. पण गोल्फ जीटीआयच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे 1998 पर्यंत, वजन बाराशे किलोंच्या पुढं गेलं होतं आणि टर्बोवाल्या इंजिनाची ताकद होती 150 अश्वशक्ती. भागाकार केला तर दर टनामागची ताकद पहिल्या पिढीपेक्षा कमी भरते. समोरच्या जाळीभोवतीची, जीटीआयची ओळख असलेली लाल रेघसुद्धा गेली होती. ती गाडी शांत, घट्ट, उत्तम बांधणीची होती, पण नाव सोडलं तर तिच्यात जीटीआय फारसं उरलं नव्हतं.

2004 ची पाचवी पिढी आली तेव्हा वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगनला हे उमजलेलं दिसत होतं. दोनशे अश्वशक्ती, लाल रेघ परत, चौकडी परत. खरी किमया मागं होती, जिथं फारसं कुणी पाहत नाही. साध्या टॉर्शन बीमच्या जागी प्रत्येक चाकाला स्वतंत्र मल्टिलिंक सस्पेन्शन आलं. पुढच्या चाकांचा भार हलका करायचा असेल तर मागच्या चाकांनी वळायला मदत केली पाहिजे, हे या घराण्यातलं जुनं शहाणपण आहे. 1984 च्या पूझो 205 जीटीआयमध्ये ते टोकाला गेलं होतं. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की तिची पाठ बाहेर सरके. जाणत्याच्या हातात तोच नाच होता, नवख्याच्या हातात खड्डा. पाचव्या गोल्फनं ती मदत घेतली आणि धार बोथट केली. माझ्या मते या घराण्यातली सर्वांत समतोल गाडी तीच.

समतोल एकीकडे आणि प्रेम दुसरीकडे. माझं प्रेम 1997 च्या पहिल्या होंडा सिव्हिक टाइप आरवर आहे. जपानच्या बाहेर ती अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. 1595 सीसी, टर्बो नाही, आणि तरी 185 अश्वशक्ती, तीही मिनिटाला 8200 फेऱ्यांवर. वजन 1070 किलो. इंजिनाच्या हेडमधले हवेचे मार्ग माणसांनी हातानं घासून गुळगुळीत केलेले. सहा हजारांच्या आसपास व्हीटेकची दुसरी कॅम लागू होते आणि आवाजाचा पोतच बदलतो. तिच्या डिफरन्शियलची कथा या विषयाच्या गाभ्यातली आहे. वळणात आतलं पुढचं चाक हलकं होतं. साधं डिफरन्शियल असेल तर ताकद तिकडं पळते आणि चाक नुसतं गरगरतं. तिरप्या दातांच्या गिअरचं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल ती ताकद बाहेरच्या, जमिनीला चिकटलेल्या चाकाकडे वळवतं. मग वळणात ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी बाहेर न जाता आत ओढली जाते. पुढच्या चाकांचं वैगुण्य त्यांचंच कौशल्य होतं, आणि हे पहिल्यांदा अनुभवणारा माणूस हसल्याशिवाय राहत नाही.

न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर ब्र्युनखेन नावाची एक जागा आहे. झाडीच्या कडेला, जाळीमागं उभं राहून वळणं पाहता येतात. सर्वसामान्य लोक पैसे भरून आपापली गाडी ट्रॅकवर नेतात. त्यामुळं एका दुपारी तिथं उभं राहिलं की चाळीस वर्षांच्या गाड्या एकामागोमाग डोळ्यांसमोरून जातात. जुन्या गोल्फ उतारावरून आत शिरतात आणि आतलं मागचं चाक चक्क उचलून धरतात, तीन चाकांवर वळतात. पाचव्या पिढीनंतरच्या चारही पाय टेकून जातात. कुणीतरी जपानहून आणलेली पांढरी टाइप आर आली. झाडांमागून आधी तिचा चढता स्वर ऐकू आला आणि मग ती दिसली. दोन वळणांत ती गेलीसुद्धा, पण तो स्वर झाडीत बराच वेळ चढत राहिला. तेवढ्या ऐकण्यासाठी मी पुन्हा इतका प्रवास करीन.

पुढं टर्बोचा काळ आला आणि ताकद इतकी वाढली की पुढची चाकं हातातून स्टिअरिंग हिसकावू लागली. 2002 च्या फोर्ड फोकस आरएसला 215 अश्वशक्ती होती. खडबडीत रस्त्यावर ती हात ओढून नेते ही तिची ख्यातीच झाली. त्या काळात अनेकांनी ठरवून टाकलं होतं की दोनशेच्या पुढं पुढच्या चाकांचं काम नाही. मग रेनो, फोर्ड आणि होंडाच्या इंजिनिअरांनी आपापल्या वाटेनं एकच उपाय काढला. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो सस्पेन्शनच्या खांबापासून वेगळा करायचा आणि चाकाच्या मध्याजवळ आणायचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीला स्टिअरिंग पिरगळायला तरफच मिळत नाही. 2017 च्या टाइप आरनं या बळावर 320 अश्वशक्ती पुढच्या दोन चाकांतून जमिनीवर उतरवली. त्यानंतरची युरोपातली टाइप आर 329 वर गेली. फोकसच्या काळात जी मर्यादा पक्की वाटत होती ती शंभराहून जास्त अश्वशक्तीनं ओलांडली गेली.

न्युर्बुर्गरिंगचे आकडे मात्र जपून वाचावेत. 2017 च्या टाइप आरनं फेरी 7 मिनिटं 43.80 सेकंदांत मारली. 2023 साली नव्या टाइप आरला 7 मिनिटं 44.881 सेकंद लागले. नुसतं पाहिलं तर नवी गाडी हळू. पण आधीची मोजणी सुमारे 20.6 किलोमीटरची होती, नंतर पूर्ण 20.832 किलोमीटर मोजू लागले. त्या वाढीव तुकड्याचे काही सेकंद धरले तर नवीच पुढं आहे. आणि तिच्यात सहा गिअरचा दांडा अजून ड्रायव्हरच्या हातात आहे. आठव्या गोल्फच्या सुधारित आवृत्तीत 265 अश्वशक्ती आहे, शंभरचा वेग ती 5.9 सेकंदांत गाठते, पहिलीला नऊच्या आसपास लागत. पण हाताचा गिअरबॉक्स तिला मिळतच नाही. ती 2025 मध्ये भारतात आली, 53 लाखांना, दीडशेच गाड्यांची खेप.

इथं हा वंश का रुजला नाही याचं एक कारण करात आहे. 2006 पासून चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलवर 1200 सीसीपर्यंतच्या गाड्यांना सवलतीचं उत्पादन शुल्क लागलं. त्यामुळं 1.6 लिटरच्या चपळ गाडीला बाजारात पाय रोवायला जागा राहिली नाही. फियाट पॅलियोचं 1.6 चं मॉडेल ज्यांनी चालवलं ते अजून तिच्याविषयी बोलताना थांबत नाहीत. पण त्याच चौकटीत फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्यातून 2013 साली पोलो जीटी टीएसआय निघाली. 1197 सीसी, टर्बो, 105 अश्वशक्ती. युरोपच्या मोजपट्टीवर ती जीटीआय नव्हतीच. पण मी ती पावसाळ्यात ताम्हिणीतून माणगावकडे नेली आहे. मुळशीचं पाणी मागं टाकलं की धुकं रस्त्यावर बसतं, डांबर काळंभोर होतं, कड्यावरून कोसळणारं पाणी टपावर थडकतं. अशा रस्त्यावर चारशे अश्वशक्तीची गाडी हतबल असते. ही मात्र 175 न्यूटन मीटरचा टॉर्क सांभाळून देत, पुढच्या चाकांनी चाचपत, एकेका वळणातून स्वतःला ओढून काढत होती. चाकणहून निघालेली ती गाडी सह्याद्रीसाठीच बांधल्यासारखी वाटली. 2022 मध्ये भारतातल्या पोलोचं उत्पादन थांबलं. तिची जागा घेणारं मला अजून काही दिसलेलं नाही.

युरोपातही आता रेनोची मेगान आरएस नाही, फोर्डची फिएस्टा एसटी नाही. पुढची पिढी विजेवर चालते. आल्पीन ए290 आली आहे: 220 अश्वशक्तीपर्यंत, पुढच्या चाकांवर, वजन सुमारे 1480 किलो. पोलो जीटीआयची विजेवरची वारसदारही 226 अश्वशक्तीची आणि पुढच्याच चाकांची असेल असं फोक्सवॅगननं जाहीर केलं आहे. त्यांच्यापुढचं कोडं नवं आहे. आजवर इंजिनाचं वजन पुढच्या चाकांवर बसत होतं आणि बरीचशी पकड तिथूनच मिळत होती. आता जडपणा बॅटरीत आहे आणि बॅटरी गाडीच्या पोटाखाली पसरली आहे. पुढच्या चाकांवरचा भाराचा वाटा कमी झाला, आणि मोटरचा टॉर्क मात्र पायाचा स्पर्श होताच पूर्ण हजर. उलट बाजूला, ती ताकद मोजूनमापून, सेकंदाच्या बारीक अंशात कमीजास्त करता येते. इंजिनाला हे कधीच जमलं नव्हतं. इसिगोनिसच्या वेळेपेक्षा हा प्रश्न अवघड आहे. तो कसा सुटतो हे मला आकड्यांत वाचायचं नाही. वळणाच्या ऐन मध्यावर, पकड संपत येताना, ते चक्र माझ्या हातात हलकं होतं का, एवढंच मला पाहायचं आहे.