गुडघा बरा झाला, मन?

शहापूर-मुरबाडकडे भातकापणी आटोपली की गावोगाव मैदानं आखली जातात, रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डी रंगते. एखाद्या चढाईत पाय अडकतो, गुडघा पिरगळतो, लिगामेंट तुटतं. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उतरायला नऊ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. आज मला अस्वस्थ करतंय ते या महिन्यांतलं मन.

ज्याला सारा गाव चढाईपटू म्हणून ओळखतो, त्याने एवढा काळ कोण म्हणून जगायचं? सवंगडी दुरावतात, झोप उडते, चिडचिड वाढते. परतल्यावरही पाय टाकताना जुनी भीती आडवी येते. २०२५ च्या जुलैत मोनाकोच्या शर्यतीत बीडच्या धावपटू अविनाश साबळेचा गुडघा दुखावला. तो लष्करातला, पाठीशी यंत्रणा होती. इथे मुरबाडला तर अजून रेल्वेही नाही. तज्ज्ञ गाठायचा तर एसटीने कल्याण. मनासाठी कुठे जायचं, हे तर कुणी सांगतच नाही.

"चालतोस ना आता?" असं आपण जखमी खेळाडूला विचारतो. "भीती वाटते का रे?" असंही विचारायला हवं. सराव थांबला तरी त्याला मैदानावर बोलवायला हवं, गुण लिहायला, पोरांना पकडी शिकवायला. दुखापतीने खेळाडूपण संपत नाही, हे त्याला आपणच पटवून द्यायचं आहे.