सातगाव पठारावरचा समुद्र

घरात मासे पाळलेत म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "कोणते, मरळ का?" दुसरा येतो, "मग खाता कधी?" आणि तिसरा प्रश्न आमच्या आत्याचा, जो ती दर दिवाळीला नव्याने विचारते, "आरं, पण समुद्राचं पाणी आणतो कुठनं तू?"

तिन्हींची उत्तरं एकदाच लिहून टाकतो. मरळ नाहीत, खात नाही, आणि समुद्र मी बादलीत तयार करतो.

ज्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: पुण्याहून नाशिक रस्त्याने निघालात, राजगुरुनगर मागे टाकून खेडघाट चढलात की पेठ. पुढे अवसरी घाट उतरला की मंचर. मधला हा सगळा उंचवटा म्हणजे सातगाव पठार. पावसाळ्यात आलात तर दोन्ही बाजूंना बटाटा, नजर जाईल तिथवर हिरवं. उन्हाळ्यात आलात तर टँकर. डिंभ्याचं धरण आमच्याच तालुक्यात, पण त्याचं पाणी खाली आणि आम्ही वर. कळमोडीचं पाणी पठारावर येणार हे कित्येक निवडणुका ऐकत आलोय. अशा गावात, समुद्रापासून शंभरावर किलोमीटर आत, एका माणसाने खाऱ्या पाण्याचे मासे पाळायचे आणि वर त्यांची पिल्लं काढायची, हा शुद्ध वेडेपणा आहे हे मलाही कळतं.

सुरुवात २०१७ची. आदल्या वर्षी आई गेली होती. घरात मी, आण्णा आणि भिंतीवरचं घड्याळ. संध्याकाळी मंचरहून कामावरून आलो की आम्ही दोघं समोरासमोर बसायचो आणि काहीच बोलायचो नाही. आण्णा आधीही फार बोलायचे नाहीत, पण आधी त्यांचं न बोलणं आईच्या बोलण्यात झाकलं जायचं. एका रविवारी पुण्यात एका दुकानात काचेच्या टाकीत दोन क्लाउनफिश दिसले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार. दोन इंचसुद्धा नव्हते. २००३ साली 'फाइंडिंग नेमो' आला तेव्हापासून पोरं ज्याला निमो म्हणतात तोच मासा. का घेतले ते आजही सांगता येणार नाही. डब्याच्या पिशवीत पाण्याची पिशवी ठेवून मोटारसायकलवर घरी आणले. आण्णांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "दोनच?"

आता थोडं शास्त्र सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा :-) क्लाउनफिश जन्मतो तो ना धड नर ना मादी. मोठा होताना आधी नर होतो. एका कुटुंबात जो सगळ्यात मोठा आणि दांडगा, तो मादी होतो, त्याच्या खालोखालचा नर राहतो, आणि बाकीचे लहान मुलासारखे गप्प राहतात, वाढतसुद्धा नाहीत. म्हणून जोडी जमवायची तर नर-मादी ओळखत बसावं लागत नाही. दोन लहान घ्या, एकत्र ठेवा, त्यांचं भांडण त्यांना मिटवू द्या. आमच्या टाकीत चार महिन्यांत एक दुसऱ्यापेक्षा चांगलाच मोठा झाला. त्याला, म्हणजे तिला, आण्णा 'पाटलीण' म्हणायला लागले. तिच्यासमोर नर अंग थरथरवून नमस्कार करतो, अगदी रोज. त्याला नाव मिळालं नाही. तो नुसता 'तो'.

पहिली अंडी २०१९च्या पावसाळ्यात दिसली. समुद्रात हे मासे समुद्रफुलाच्या, म्हणजे अ‍ॅनिमोनच्या बुडाशी दगडावर अंडी घालतात. घरात अ‍ॅनिमोन लागत नाही, मातीची कुंडी आडवी ठेवली तरी चालते. आमच्या दोघांनी चार दिवस तोंडाने घासून कुंडी साफ केली आणि एका संध्याकाळी आत नारिंगी ठिपक्यांची चकती चिकटलेली दिसली. पहिल्या खेपेला नराने तीन दिवसांत सगळी खाऊन टाकली. नवशिका बाप असं करतो म्हणे. दुसऱ्या खेपेला मात्र तो असा काही कामाला लागला की बघत राहावं. दिवसभर कल्ल्यामागच्या परांनी अंड्यांना वारा घालायचा, खराब झालेलं अंडं तोंडाने उचलून काढायचा. पाटलीण मधूनमधून येऊन बघून जायची, मुकादमासारखी.

अंडी आधी नारिंगी असतात, मग तपकिरी होतात, आणि शेवटी शेवटी त्यात डोळे दिसतात, चांदीच्या टाचणीच्या टोकासारखे. साधारण सातव्या-आठव्या रात्री, दिवा मालवून पुरता अंधार झाला की तास-दोन तासांत फुटतात. उजेड असेल तर फुटत नाहीत. खरी गंमत पुढे आहे, आणि खरी रडकथाही. पिल्लू असतं तीन-चार मिलिमीटरचं, त्याचं तोंड किती असणार? त्याला पिठी, चुरा काही चालत नाही. खाणं जिवंत, हलणारं आणि त्याच्या तोंडात मावणारं लागतं. त्याला रोटिफर म्हणतात, डोळ्याला जेमतेम धुळीसारखा दिसणारा जीव. रोटिफर जगवायला हिरवं शेवाळाचं पाणी लागतं. ते शेवाळ जगवायला ऊन, खत आणि हवा. म्हणजे मासे वाढवायचे तर आधी रोटिफर वाढवा, रोटिफर वाढवायचे तर आधी शेवाळ पेरा. आण्णांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यांना माझ्या उद्योगात रस वाटला. "म्हंजे शेतीच की ही."

खिडकीत कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची रांग लागली, हिरव्यागार पाण्याची. शेजारच्या काकू बरेच दिवस समजत होत्या की मी कसलं तरी आयुर्वेदिक औषध बनवतोय.

पहिली तुकडी पाचव्या दिवशी गेली. रोटिफरची बादली एका रात्रीत नासली आणि पिल्लं उपाशी मेली. दोनशेच्या आसपास असतील. दुसरी तुकडी २०२०च्या जानेवारीत गेली. पठारावरची थंडी ठाऊक असेलच, पहाटे हात बाहेर काढवत नाही. पिल्लांच्या टाकीला हीटर होता, पण रात्री दीडला लाईट गेली ती पहाटे साडेपाचला आली. हवेचा पंप बॅटरीवर होता, तो चालला. हीटर कशावर चालवणार? सकाळी पाणी हाताला गार लागत होतं आणि टाकीच्या तळाशी बारीक पांढरा थर बसला होता. मी कामावर गेलोच नाही त्या दिवशी. संध्याकाळी आण्णा म्हणाले, "गारपिटीनं बटाटा गेल्यावर आपण काय करतो? परत लावतो." मला तेव्हा राग आला होता. माझ्या दोनशे जीवांची तुलना ते बटाट्याशी करतायत असं वाटलं. आता वाटतं, त्यांच्याकडे त्याहून मोठी तुलना नव्हतीच.

पण आमचं खरं भांडण झालं ते पिल्लांवरून नाही, पाण्यावरून.

मोठी टाकी दोनशे लिटरची. आठवड्याला त्यातलं वीस लिटर काढायचं आणि नवं घालायचं. नवं पाणी म्हणजे आर.ओ.चं, कारण आमच्या बोअरचं पाणी जड. एक लिटर शुद्ध मिळायला अडीच-तीन लिटर वाया जातं. त्यात एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने समुद्री मीठ. २०१९च्या मे महिन्यात दारात टँकरची वाट बघत बाया हंडे लावून उभ्या, आणि मी आत माशांचं पाणी बदलतोय. आण्णा दारात उभे राहून एकदा बाहेर बघत होते, एकदा माझ्याकडे. काही बोलले नाहीत. त्यानंतर दोन दिवसांनी मी काढलेलं खारं पाणी परसात ओतायला निघालो तेव्हा मात्र त्यांनी बादली धरली.

"ह्ये मातीत जायचं न्हाई."

"वीस लिटर तर आहे, आण्णा."

मग त्यांनी हिशेब केला, तोंडी. वीस लिटरला सातशे ग्रॅम मीठ. बावन्न आठवडे. "साडेछत्तीस किलो होतंय वर्साला. साडेछत्तीस किलो मीठ तू माझ्या रानात टाकणार?" अतिपाण्याने खारवट झालेल्या जमिनी त्यांनी पाहिल्या होत्या. तिथे वीस-वीस वर्षं कुसळ उगवत नाही, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. इंटरनेटवर मी महिनोन् महिने वाचत होतो, मार्टिन मो या अमेरिकन माणसाचं १९८२चं पुस्तकसुद्धा धुंडाळलं होतं. पण त्या सगळ्या मंडळींच्या घराबाहेर गटार होती. माझ्या घराबाहेर रान होतं.

मी टाकी विकायला काढली. खरंच काढली. गिऱ्हाईकही आलं होतं.

टाकी राहिली ती आण्णांमुळे. त्यांनी गच्चीच्या पन्हळीला पाइप जोडला आणि खाली हजार लिटरची काळी टाकी बसवली. पावसाचं पाणी. पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुवायला सोडून द्यायचे, मग साठवायचं. ते पाणी इतकं हलकं की गाळून घेतलं तर आर.ओ.मधून वाया जाणारं जवळपास काहीच नाही. वर्षाला मला लागतं हजार-अकराशे लिटर, एवढं पाणी पठारावरचा पाऊस आमच्या गच्चीवर अगदी सहज टाकतो. आणि जुनं खारं पाणी? गच्चीवर विटांची चौकट करून त्यात जाड काळा कागद अंथरला. उन्हाने पाणी उडून जातं, मीठ राहतं. ते पोत्यात भरून ठेवतो आणि वर्षातून एकदा ठाण्याला बहिणीकडे जाताना गाडीत टाकतो. तिच्या नवऱ्याने पहिल्यांदा विचारलं, "हे काय?" म्हटलं, तुमच्या समुद्राचं तुम्हाला परत. मार्च ते मे पिल्लं काढायची नाहीत हाही नियम आण्णांचाच. अंडी होतात, नर सांभाळतो, फुटतात, आणि टाकीतच संपतात. त्याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला बोटीने गेलो होतो तेव्हा तिथल्या सागरी जैवविविधता केंद्राविषयी कळलं. कांदळवन प्रतिष्ठानाने लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने तिथे क्लाउनफिशची पैदास सुरू केली, खाडीकाठच्या लोकांना उत्पन्न मिळावं म्हणून. दक्षिणेत केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने तर हे तंत्र केव्हाच बसवलंय. खाऱ्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे अजूनही प्रवाळातून पकडून आणतात, घरात वाढवता येतात असे थोडेच, त्यात हा एक. हे सगळं आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "त्यांच्याकडं समुद्र हाय. त्यात काय मोठं?"

२०२०च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा जमलं. अकराव्या दिवशी एका पिल्लाच्या डोक्यामागे पांढरी रेघ दिसली. मला वाटलं भास आहे. आण्णांनी चष्मा पुसून बघितलं. दुसऱ्या दिवशी सात, चौथ्या दिवशी मोजता येईनात. शेवटी सदतीस वाचले. पहाटे तीनला खाणं घालायचं काम आण्णांनी स्वतःहून घेतलं. रात्रीची लाईट असते तेव्हा मोटार चालू करायला जन्मभर याच वेळेला उठलेत ते, तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पुढच्या वर्षी त्यातले पंचवीस पुण्याच्या एका दुकानदाराने शंभर रुपयाने घेतले. "वजनावर?" "नाही आण्णा, नगावर." त्या आठवड्यात बटाटा दहा रुपये किलो होता. पन्नास किलोची गोणी म्हणजे पाच मासे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ह्यो धंदा समजू नको मात्र." मी समजत नाहीच. वीजबिल आणि मिठाचा खर्च धरला तर अजून तोट्यातच आहे.

२०२२च्या उन्हाळ्यात पाटलीण गेली. झाकण थोडं सरकलेलं राहिलं, रात्री उडी मारली असणार. सकाळी फरशीवर सापडली. चूक माझी. तो पंधरा-वीस दिवस कुंडीपाशीच राहिला, खाणं टाकलं तरी सावकाश यायचा. माशाला दुःख होतं की नाही यावर मी वाद घालणार नाही, जे दिसलं ते लिहिलं.

मग एक लहान मासा आणला, आणि आण्णांना सांगितलं की आता हा जुना नर हळूहळू मादी होईल, आणि अंडी घालेल. ('नेमो'मध्येही आई गेल्यावर खरं तर बाबाची आई व्हायला हवी होती, पण तसा सिनेमा कोण काढणार.) आण्णा तेव्हा परातीत पीठ मळत होते. आई गेल्यावर पहिले सहा महिने आम्ही खानावळीचा डबा खाल्ला. मग एक दिवस त्यांनी स्वतःच परात पुढे ओढली. सुरुवातीच्या भाकरी कशा होत्या ते विचारू नका. आता माझ्यापेक्षा गोल होतात, आणि फुगतात.

"बाप्याची बाई व्हती?"

"हो."

"परत बाप्या न्हाई व्हत?"

"नाही. एकदा झाली की झाली."

त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "किती दिस लागत्यात?"

"काही महिने. कधी वर्षसुद्धा."

"मला सहा लागले," ते म्हणाले, आणि भाकरी उलटली.

त्याला नऊ महिने लागले. अंग भरलं, रंग गडद झाला, आणि नवा लहानगा त्याच्यासमोर थरथरून नमस्कार करायला लागला. आता ती दर पंधरा-सोळा दिवसांनी अंडी घालते. नाव अजून ठेवलेलं नाही. 'पाटलीण' म्हणायला आण्णा तयार नाहीत.

हे लिहितोय ती आठवी रात्र आहे. काल अंड्यांत चांदी दिसली. कुंडी मी पिल्लांच्या टाकीत हलवली आहे, खाली हवेचा बारीक बुडबुडा सोडलाय, टाकीच्या चारी बाजूंना काळा कागद आहे. आण्णांनी नऊलाच घरातले सगळे दिवे बंद करायला लावले. मी स्वयंपाकघरात दार लावून बसलोय, पडद्याचा उजेड तिकडे जाऊ नये म्हणून. तीन वेळा दारावर टकटक झाली.

"फुटली का बघू?"

"अजून अर्धा तास, आण्णा."

बॅटरी हातात घेऊन बाहेर अंधारात खुर्चीवर बसलेत.