आधी आणि मग

गंगापूर रोडने सकाळी सोमेश्वरपर्यंत फिरायला जायचा माझा नेम आहे. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना एके काळी द्राक्षाचे मांडव होते, हे आता कुणाला सांगावे लागते. त्यांतलाच एक, आनंदवल्लीच्या पलीकडचा दीड एकराचा तुकडा, आमचा होता. आता तिथे इमारत उभी आहे. तिच्यासमोरून जाताना माझी पावले आपोआप जरा जलद पडतात. सोळा वर्षे झाली, तरी पडतात.

झाले ते असे. वडिलांमागे तो तुकडा दादाच्या आणि माझ्या नावावर आला. गिऱ्हाईक चांगले मिळाले. मी माझ्या हिश्शाच्या कागदावर सही केली आणि त्याच संध्याकाळी पंचवटीत दादाकडे जाऊन त्याचे मत विचारले. दादाने चष्मा काढून खाली ठेवला आणि म्हणाला, "विचारायला आलास, की सांगायला?" पुढे व्यवहार झाला, पैसे दोघांना सारखे मिळाले, कुठे एका पैचा घोळ नाही. पण तेव्हापासून लग्ने आणि दहावे यांखेरीज मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो.

मनाशी मी नेहमी एकच बचाव करीत असे. सही करायची होती, ती मी केली. विचारायचे होते, तेही मी केले. आधी विचारले असते तरी दादा होच म्हणाला असता. मग बिघडले काय? तीस वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या माणसाचा बचाव होता तो! तीन पाचे पंधरा आणि पाच त्रिक पंधरा. क्रमनिरपेक्षतेचा हा नियम मी किती मुलांकडून घोकून घेतला असेल, त्याची गणतीच नाही.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुपारी पुतणी आली. दोन्ही घरांत जाणारे येणारे आता तिच्याएवढे कुणी उरलेले नाही. ती गणितात संशोधन करते. चकली मोडता मोडता मी तिला सहज विचारले, "तू नक्की करतेस तरी काय?"

ती म्हणाली, "काका, सोमेश्वराच्या देवळात डमरू पाहिलाय ना? त्याची कंबर बारीक होत होत अगदी एका बिंदूएवढी झाली, असं समजा. बाकी सगळीकडे डमरूचा पृष्ठभाग गुळगुळीत. पण त्या एका बिंदूपाशी सगळ्या रेषा येऊन एकमेकींत अडकतात. ही अडलेली जागा कशी सोडवायची, हा प्रश्न."

"कापून टाका," मी म्हणालो.

"कापायचं नाही. त्या बिंदूतून जेवढ्या रेषा जातात, तेवढ्यांना आपापली वेगळी जागा द्यायची. मग त्या बिंदूच्या ठिकाणी एक कडं तयार होतं आणि डमरूचं सरळ नळकांडं होतं. बाकीच्या भागाला धक्कासुद्धा लागत नाही."

मला ते फार आवडले. मग तिने श्रीराम अभ्यंकरांची गोष्ट सांगितली. 1930 साली उज्जैनला मराठी घरात जन्मलेला आणि ग्वाल्हेरला वाढलेला हा मुलगा मुंबईहून हार्वर्डला गेला. तिथे त्यांचे गुरू झरिस्की यांनी नेहमीच्या संख्यांवर उभ्या असलेल्या पृष्ठभागांच्या गाठी सोडवल्या होत्या. पण गणितात दुसऱ्याही संख्या आहेत. घड्याळात बारा वाजल्यावर पुन्हा एकापासून सुरुवात होते, तशा ठरावीक मोजणीनंतर शून्यावर परतणाऱ्या. त्यांच्यावरच्या पृष्ठभागांपाशी झरिस्कींच्या युक्त्या चालेनात. तिथला मार्ग अभ्यंकरांनी 1955 च्या आपल्या प्रबंधात काढला, वयाच्या पंचविशीच्या सुमारास. आणि हा माणूस पुढे जन्मभर शाळेतल्या साध्या बीजगणिताची थोरवी गात राहिला! 1976 साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढले. 2012 मध्ये ते गेले. मितींची संख्या वाढली की त्या घड्याळी संख्यांपुढे हा प्रश्न आजही सर्वमान्यपणे सुटलेला नाही.

"पण माझं काम जरा निराळ्या वाटेनं आहे," पुतणी म्हणाली. तिने वर्तमानपत्राचा कागद घेऊन त्याच्या एका कडेच्या मध्यावर बोट ठेवले, कडेचे दोन्ही अर्ध एकमेकांना जुळवले आणि दाणेवाल्याची पुडी केली. "पूर्ण सपाट पठार घ्या. मधल्या बिंदूच्या समोरासमोरची ठिकाणं एकच मानली, की अर्धंच पठार उरतं आणि त्याची ही पुडी होते. टोक आलं ते या विसरण्यातून. समोरचा बिंदू निराळा होता, हे पुडी विसरली."

"मग?"

"मग विसरायचं नाही. 'उलटव' ही कृतीच एक अक्षर म्हणून बीजगणितात ठेवायची. पण मग गंमत होते. आधी उजवीकडचं अंतर मोजून मग उलटवा, किंवा आधी उलटवून मग मोजा. उत्तर तेवढंच येतं, पण चिन्ह बदलतं. अधिकाचं उणे. या बीजगणितात तुमचा तीन पाचे पंधराचा नियम चालत नाही, काका. आणि नवल असं, की क्रम लक्षात ठेवणारं हे बीजगणित आणि ते सोडवलेलं डमरू, दोघांजवळ एकच माहिती असते. जॉन मॅकायना 1980 च्या सुमारास यातलं एक विलक्षण साम्य दिसलं. पृष्ठभागांसाठी ही गोष्ट पुऱ्या अर्थानं सिद्ध केली 2000 साली काप्रानोव्ह आणि व्हासेरो यांनी."

तिचे पुढचे बोलणे माझ्या कानांवर पडले, पण डोक्यात शिरले नाही. उत्तर तेवढेच, चिन्ह मात्र उलटे! सही आणि विचारणे. विचारणे आणि सही. सोळा वर्षे मी रकमेचा हिशेब दाखवीत होतो आणि दादा चिन्हाकडे बोट दाखवीत होता. आधी विचारले असते तर तो मान ठरला असता. मागून विचारले, तो अपमान झाला. शब्द तेच, माणसे तीच. आणि मी तर शिक्षक! मोजे आधी आणि बूट मागून, हे बालवर्गातल्या पोरालाही कळते. माझा नियम खोटा नव्हता. तो जिथे लागू नाही तिथे मी तो वापरला होता.

पुतणी परत निघाली तेव्हा मीही चपला घातल्या. तिने काही विचारले नाही. रिक्षाने आम्ही रामवाडीचा पूल ओलांडून पंचवटीत गेलो. दादा पडवीत खुर्चीवर बसला होता. फार थकलेला दिसला. मला बघून तो उठू लागला आणि मी उंबऱ्याबाहेरूनच सुरुवात केली, "दादा, त्या दिवशी मी सही आधी केली..."

त्याने हात वर केला. "आधी बस," तो म्हणाला, "मग बोल."

मी बसलो. वहिनींनी पाणी आणून दिले. मग मी बोललो, काही न गाळता, ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने. दादा ऐकत होता. मध्ये एकदाच त्याने विचारले, "मांडवाचे खांब काढले तेव्हा तू होतास का तिथे?" मी होतो. ते कसे काढले, हेही त्याला सांगितले. सोळा वर्षांत त्याला ते कुणी सांगितले नव्हते.

गाठ पुसली गेली असे मी म्हणणार नाही. ती जागा आहे तिथेच आहे. पण आता सकाळी त्या इमारतीवरून जाताना मी पाऊल जलद टाकत नाही. रविवारी दादाकडे जातो. जाण्याआधी फोन करून येऊ का, असे विचारतो, आणि मगच निघतो.