मुंब्र्यातली बाहुली

कल्याणहून मुंब्रा म्हणजे धीम्या लोकलने पाच स्टेशनं. दिवा सुटलं की एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर. ९ जून २०२५ रोजी याच टप्प्यात दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडले, काहींचा जीव गेला. वळण आलं की बायकांच्या डब्यातल्या गप्पा अजूनही जरा थांबतात.

मुंब्र्याला उतरून शेअर रिक्षाने कौसा गाठायला रविवारीही बराच वेळ गेला. त्या रांगेत मागे एक ॲम्ब्युलन्स अडकली होती. माझं सगळं लक्ष तिच्या भोंग्याकडे. हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि इथून कळव्याचं रुग्णालय कितीही जवळ म्हटलं तरी चार मिनिटांवर नाही.

एका इमारतीच्या तळमजल्यावर सतरंजी पसरली होती आणि तिच्यावर कमरेपर्यंतची रबरी बाहुली. नॉर्वेचे खेळणी बनवणारे आस्मुंड लेरडाल यांनी १९६० साली तयार केलेल्या ‘ॲन’चीच ही बहीण. ॲनचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत बुडालेल्या एका अनोळखी मुलीचा, असं सांगतात. आमच्या बाहुलीला कुणीतरी ओढणी घातली होती. शिकवणाऱ्या सिस्टरने ती हसत बाजूला केली.

त्या म्हणाल्या, ‘‘हाक मारा, खांदा हलवा. उत्तर नाही, श्वास नाही, तर कुणाला तरी १०८ लावायला सांगा आणि लगेच सुरू करा. मधूनच आचके आले तर तो श्वास समजू नका.’’ माणूस कडक जमिनीवर हवा, पलंगावर नाही. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा, कोपरं ताठ. मिनिटाला १०० ते १२० दाब, किमान पाच सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पुरेसं दाबलं की बाहुलीतून ‘टक्’ आवाज येतो. मोठं माणूस अचानक कोसळलं तर शिकलेलं नसलं तरी नुसतं दाबत राहायचं. बुडालेल्याला आणि लहान मुलांना मात्र तोंडाने श्वासही हवा. सिस्टर म्हणाल्या, ‘‘आम्हा नर्सेसनाही पुन्हा पुन्हा सराव करावा लागतो. हात विसरतात.’’

‘‘परक्या मर्दाच्या छातीला हात लावायचा?’’ मागून कुणीतरी विचारलं. कोपऱ्यातल्या एक वयस्कर खाला म्हणाल्या, ‘‘अगं, जीव जातोय त्याचा! तेव्हा कसला परका?’’ एक जीव वाचवण्याचं मोल सांगणारी सूरह माइदाची आयत आपण जलशांत कितीदा ऐकतो, पण त्या वेळी हातांनी काय करायचं ते कुणी शिकवत नाही. मला वाटतं, जलशातच एखादी बाहुली ठेवावी.

माझ्याबरोबर अम्मी आली होती. अब्बा घरात कोसळले तेव्हा आम्ही त्यांना पलंगावर नेलं, पंखा वाढवला, तोंडात झमझमचं पाणी घातलं, कलमा पढला. घर माणसांनी भरलं होतं. छातीवर हात ठेवला नाही तो कुणीच.

अम्मी गुडघे धरत खाली बसली. पहिले काही दाब वरवरचे. मग बुरख्याच्या बाह्या मागे सारून तिने अंगाचा भार टाकला. टक्. टक्. टक्. तीसपर्यंत मोजून तिने वर पाहिलं.

‘‘त्या दिवशी एवढंच करायचं होतं?’’

सिस्टरने तिचा हात धरला. ‘‘खाला, केलं असतं तरी वाचलेच असते, असं कुणी सांगू शकत नाही.’’

अम्मी उठली, ओढणी नीट केली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.