छत्तीसचा रोल

मोजून फोटो काढायची सवय मला बाराच्या आकड्यापासून लागली. काकांकडे आगफाचा क्लिक थ्री होता. त्यात रोल घातला की चौकोनी बारा फोटो. पाठीमागच्या लाल काचेतून बघत चावी फिरवायची आणि पुढचा आकडा दिसला की थांबायचं. आमच्या घरात एक रोल वर्षभर पुरायचा. गणपती, थोरल्याची मुंज, आत्याचं केळवण, दिवाळी, सगळं त्या बारांत. त्यामुळे प्रत्येक फोटोआधी घरात चर्चा व्हायची. एकदा आजीने म्हशीचा फोटो काढायचा हट्ट धरला. काका म्हणाले, “माणसं सोडून जनावरावर रोल घालवायचा का?” आजी म्हणाली, “घर तिच्यावर चाललंय.” आजी जिंकली. त्या वर्षीचा काकांचा एकही फोटो घरात नाही, म्हशीचा आहे.

पुढे कऱ्हाडला एका स्टुडिओत उमेदवारी केली आणि मग स्वतःचा स्टुडिओ टाकला, तेव्हा बाराचे छत्तीस झाले होते. रोल सावलीत, बेताने भरला तर सदतिसावाही निघायचा. त्या एका फुकटच्या फोटोचा आनंद आता कुणाला सांगून कळणार नाही. लग्नाच्या ठरलेल्या पैशांत दोन रोल बसायचे. म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंत बहात्तर फोटो आणि मांडवात पाचशे माणसं. प्रत्येक मामाला वाटायचं, आपण आहेर देतानाचा फोटो हवाच. त्यावर धंद्यातला एक जुना उपाय होता, नुसता फ्लॅश मारायचा. मामा खूश, रोल शाबूत. अल्बम आला की मामा स्वतःला शोधायचे आणि आम्ही ‘तो धुताना गेला’ म्हणायचो. याला फसवणूक म्हणणारे म्हणोत, पण मामांचा मान राखून सप्तपदीसाठी रोल उरवायचा दुसरा मार्ग आमच्यापैकी कुणालाच सापडला नव्हता.

पण फ्लॅशने सगळं भागत नव्हतं. म्हणून मी आदल्या संध्याकाळी मुलीच्या घरी जायला लागलो. चहा झाला की मुलीच्या आईला विचारायचं, “काकू, अल्बममध्ये कुणाचा फोटो नसला तर तुम्हाला रुखरुख लागेल?” पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, व्याही आणि भाऊबंद. मग त्या जरा थांबायच्या. हातातली सुपारी, आहेराची यादी खाली ठेवायच्या आणि दुसरंच नाव यायचं. अंथरुणाला खिळलेली, हॉलवर येऊ न शकणारी सासू. मुलीला लहानपणी सांभाळणारी शेजारीण. एका घरात तर रुसून बसलेला धाकटा दीर. अक्षता पडायच्या आधी त्याचा हसरा फोटो मिळवायला मला भटजींची मदत घ्यावी लागली. ही दुसऱ्या खेपेची नावं मी पाकिटावर लिहून घ्यायचो. खरं लग्न त्या पाकिटावर असायचं. अंतरपाट आणि कन्यादान काय, ते कुणीही काढलं असतं.

या छत्तीसच्या हिशेबातून मोठी माणसंही सुटली नाहीत. 1935 साली आलेली कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म कोडॅकने 2009 मध्ये बंद केली. कारखान्यातून निघालेला अखेरचा रोल स्टीव्ह मॅककरी या छायाचित्रकाराने मागून घेतला. हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा त्याचा जगप्रसिद्ध फोटो याच फिल्मवरचा. हातात फोटो फक्त छत्तीस आणि धुण्यासाठी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची एकच प्रयोगशाळा उरलेली. त्याने न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट डी निरोचा फोटो काढला आणि मग तो रोल घेऊन थेट भारतात आला. मुंबईत अमिताभ बच्चन, राजस्थानात रबारी लोक, आणि शेवटी पार्सन्सचीच दफनभूमी. सगळं जग मोकळं असताना त्याने आधी पाहिलेल्या, ओळखीच्या जागा निवडल्या. हे वाचलं तेव्हा मला आजीची म्हैस आठवली.

डिजिटल आलं आणि दोन हंगामांत माझ्या कपाटातले रोल जुने झाले. मी रडगाणं गाणार नाही. अंधाऱ्या देवघरातले फोटो आता निघतात, रात्रीच्या वरातीचे निघतात, आणि रोल खराब झाला म्हणून कुणाचं लग्न वाया जात नाही. पण पोरं आता एका लग्नाचे तीन-चार हजार फोटो काढतात आणि महिनाभर संगणकावर बसून निवडत राहतात. निवड तेव्हाही होती, फक्त ती बटण दाबायच्या आधी व्हायची आणि तिच्यात मुलीच्या आईचा हात असायचा. आता निवड करणाऱ्या मुलाला हॉलच्या कोपऱ्यातली म्हातारी कोण हे माहीतच नसतं. डोळे मिटलेले आहेत म्हणून तो तिला काढून टाकतो.

मी चहाला जाणं सोडलं नाही. उलट त्यासाठी एका मुहूर्तावर एकच लग्न घ्यायचं ठरवलं. लगीनसराईत हा निर्णय महाग पडतो. बरोबरचे लोक दोन-दोन पोरं हाताशी ठेवून तीन हॉल सांभाळत होते, त्यांचे बंगले झाले. बायकोने हिशेबाची वही पुढे ठेवून मला एकदा नीट विचारलं आणि नंतर पुन्हा कधी विचारलं नाही. आमच्या लेकीच्या लग्नात मात्र मी कॅमेरा हातात घेतला नाही. मुलीच्या बापाला मांडवात दोन्ही हात मोकळे लागतात. फोटोग्राफर म्हणून ठरवलेला तरुण आदल्या संध्याकाळी आला नाही, म्हणून मीच त्याच्याकडे गेलो आणि पाकिटावरची नावं त्याच्या हातात दिली.

तुमच्याही घरात एखाद्या कार्याचे हजारो फोटो कुठल्यातरी पेनड्राइव्हमध्ये पडलेले असतील. एखाद्या दुपारी आईला, सासूबाईंना किंवा आत्याला शेजारी बसवा, त्यांनाच विचारा आणि छत्तीस निवडून कागदावर छापून घ्या. रोल धुणाऱ्या लॅब जवळजवळ संपल्या, पण फोटो छापून देणारी दुकानं अजून तालुक्याच्या गावी आहेत.